हापूस थेट ग्राहकाला विकताना: काय सांगायचं, कधी सांगायचं, कसं लिहायचं

सड्यावरची_बाग

फेब्रुवारी लागला की व्हॉट्सॲपवर एकाच साच्यातले मेसेज फिरायला लागतात. "अस्सल देवगड हापूस, १००% नैसर्गिक, केमिकल फ्री, थेट बागेतून, स्टॉक मर्यादित, त्वरा करा." गिऱ्हाइकाला जे कळायला हवं त्यातलं यात काहीच नसतं. फळ किती ग्रॅमचं? कच्चं येणार की पिकलेलं? कुठल्या गावचं? कधी पोचणार? खराब निघालं तर कोण भरून देणार? दलालाला वगळून थेट विकणारे बागायतदार आणि घरगुती विक्रेते दरवर्षी वाढताहेत, म्हणून या विषयाला स्वतंत्र धागा हवा.

माझं म्हणणं एवढंच आहे की पेटीची उणी बाजू पैसे घेण्याआधी सांगा. साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) निघू शकतो, फळावर डाग असतील, पाऊस झाला तर दोन दिवस पुढे-मागे होईल, हे सगळं ऑर्डर घेतानाच सांगितलं तर गिऱ्हाईक ते माहिती म्हणून घेतं. तेच वाक्य तक्रार आल्यावर लिहिलं की ती सबब वाटते, मग ते कितीही खरं असो.

पहिल्या मेसेजात काय असावं त्याचा नमुना देतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपापले घाला.

"रत्नागिरी हापूस, गाव पावस. ४ डझनाची पेटी, फळ २५० ते २७५ ग्रॅम (काढणीच्या वेळचं वजन). फळ कच्चं येईल, पिकायला ६ ते १० दिवस लागतील. भाव ३,२०० रुपये, पुण्यात घरपोच धरून. पुढची काढणी सोमवारी, पेटी बुधवारी संध्याकाळपर्यंत हातात. साका किंवा देठकूज निघाली तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, त्या फळाचे पैसे परत. सालीवरचे काळे ठिपके आणि चिकाचे डाग यात धरलेले नाहीत, त्याने चव बदलत नाही."

सात-आठ ओळी होतात आणि फोनवरचे निम्मे प्रश्न इथेच संपतात. "अस्सल" हा शब्द यात कुठेच नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. गावाचं नाव, ग्रॅम आणि वार लिहिले की वाचणाऱ्याला समोर माल ओळखणारा माणूस आहे हे आपोआप कळतं.

"केमिकल फ्री" बद्दल थोडं सविस्तर. हापूसच्या पुष्कळ व्यापारी बागांत मोहोर वेळेवर यावा म्हणून जुलै-ऑगस्टात मुळांशी कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, दिलं जातं. मोहोरावर तुडतुडे ही कीड आणि भुरी, करपा हे रोग यांसाठी फवारण्या होतात. हे करण्यात लपवण्यासारखं काही नाही, बाग अशीच जगते. पण हे करून "केमिकल फ्री" लिहिणं खोटं आहे. खरं आणि उपयोगाचं वाक्य असं: "पिकवताना कार्बाइड वापरत नाही, पेंढ्याच्या आढीत पिकवतो. शेवटची फवारणी काढणीच्या इतके दिवस आधी थांबवली." दिवसांचा आकडा फवारणीच्या वहीतून घ्या. वही नसेल तर हे वाक्य लिहू नका.

"सेंद्रिय"चंही तेच. हा शब्द लिहायचा तर मागे एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया (सेंद्रिय मालाच्या दोन सरकारी योजना) यांचं प्रमाणपत्र असावं. सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह तर प्रमाणपत्राशिवाय छापताच येत नाही.

भाव सांगताना आणखी एक गोष्ट पक्की करा: तो बुकिंगच्या दिवशीचा की पाठवण्याच्या दिवशीचा? मार्चचा भाव आणि मे महिन्याचा भाव यांत मोठी तफावत असते. अक्षय्य तृतीयेसाठी मार्चमध्ये पैसे भरलेल्या माणसाला एप्रिलअखेर शेजाऱ्याकडून कमी भाव कळला की तो फसल्यासारखा होतो. "भाव बुकिंगच्या दिवशीचा पक्का, चढला तरी जास्त मागणार नाही, उतरला तरी फरक परत नाही" असं लिहिलं की दोघांनाही पुढचा वाद उरत नाही. आणि ताज्या आंब्यावर जीएसटी शून्य आहे. बिलात "टॅक्स वेगळा" लिहिणारे काही जण दिसतात, त्यांनी ते थांबवावं.

---

वजनकाटा

धागा चांगला काढलात. वाचनखूण साठवली.

आकाराबद्दल भर घालतो, कारण सर्वांत जास्त भांडणं इथे होतात. "मोठं फळ", "मिडियम", "ए ग्रेड", "सुपर" या शब्दांना काही अर्थ नाही. एकाचा ए ग्रेड दुसऱ्याचा मिडियम असतो. ग्रॅमच सांगा आणि पट्टा २५ ग्रॅमचा ठेवा: २०० ते २२५, २२५ ते २५०, २५० ते २७५, २७५ ते ३००, त्यावर वेगळं. पट्टा ५० ग्रॅमचा ठेवला की पॅकिंग करणारा नकळत खालच्या टोकाचं फळ जास्त भरतो आणि पेटी उघडणाऱ्याला वरचं टोक आठवत असतं.

वजन कधीचं तेही लिहा. आंबा पिकताना पाणी सोडतो, वजन घटतं. काढणीला २५० भरलेलं फळ पिकल्यावर २२५-२३० भरू शकतं. घरी काटा असलेली गिऱ्हाइकं हल्ली पुष्कळ आहेत. पिकलेलं फळ काट्यावर ठेवून फोटो पाठवतात आणि त्यांचा आकडा बरोबर असतो. "काढणीच्या वेळचं वजन" हे तीन शब्द आधी लिहिले असले तर तिथे बोलणंच होत नाही.

डझनाचा भाव आणि किलोचा भाव दोन्ही द्या. उदाहरण घ्या: २००-२२५ चा डझन ९०० रुपये आणि २७५-३०० चा डझन १,१०० रुपये. पहिला डझन साधारण अडीच किलो भरतो, म्हणजे किलोला ३५० च्या आसपास. दुसरा जवळजवळ साडेतीन किलो, म्हणजे ३२० च्या आसपास. मोठं फळ डझनाला महाग असूनही किलोला स्वस्त पडतं. ज्यांना आमरस करायचा आहे त्यांना हे सांगणं तुमचं काम आहे. उलट, घरात दोनच माणसं असतील तर लहान फळ बरं, एका वेळी एक संपतं. असा सल्ला दिला की गिऱ्हाईक पुढच्या वेळी भाव न विचारता "आमच्यासाठी कुठलं पाठवू?" असं विचारतं.

फोटोचं: काट्यावर ठेवलेल्या एका फळाचा फोटो, आकडा स्पष्ट दिसेल असा, सकाळच्या उजेडात, फिल्टर न लावता. फिल्टरने पिवळा रंग चढवला की आढीतलं खरं फळ त्यापुढे हिरवट दिसतं आणि "हे पिकलेलं नाही" म्हणून तक्रार येते. आढीत पिकलेल्या हापूसवर देठाजवळ हिरवट छटा राहू शकते, सगळी पेटी एकसारखी पिवळीधमक नसते. तसाच फोटो द्या. गेल्या वर्षीचा फोटो आणि दुसऱ्याच्या स्टेटसवरून उचललेला फोटो, दोन्ही नकोत.

---

आढीवाली

वजनकाटांशी सहमत. मी पिकण्याबद्दल लिहिते, कारण पेटी हातात पडल्यावर खरं काम सुरू होतं आणि नेमकं तेव्हाच विक्रेते गप्प होतात.

पेटीत एक कागद टाका. छापील हवा असं नाही, झेरॉक्स चालते. अक्षर मात्र मोठं, कारण तो बहुधा घरातली वडीलधारी माणसं वाचतात. त्यावर एवढं लिहा:

पेटी आल्याबरोबर उघडा, बंद ठेवू नका. फळं देठ वर करून किंवा आडवी, एकमेकांवर न रचता, पेंढ्यात किंवा वर्तमानपत्रावर ठेवा. पंख्याखाली आणि उन्हात नको. रोज एकदा हात फिरवा. वास सुटला आणि देठाजवळ बोटाने अलगद दाबल्यावर मऊ लागलं की पिकलं. पिकलेली बाजूला काढा, तीच आधी खा. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका.

शेवटच्या ओळीचं कारणही लिहा. कच्चा आंबा साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली राहिला की त्याला थंडी बाधते. मग बाहेर काढला तरी नीट पिकत नाही, साल काळपट पडते, चव फिकी लागते. नुसतं "ठेवू नका" लिहिलं तर लोक ठेवतात. कारण लिहिलं तर नाही ठेवत.

किती दिवसांत पिकेल हे सांगताना महिना पाहा. मार्चमध्ये चौदा आणे तयारीचं (सोळा आणे म्हणजे पूर्ण, त्याहून थोडं कमी) फळ आठ ते बारा दिवस घेतं, मे महिन्याच्या उकाड्यात सहा ते आठ. हंगामभर एकच "आठ दिवस" सांगत राहिलात तर मार्चमधला माणूस नवव्या दिवशी फोन करणार. सणासाठी घेणाऱ्याला उलट बाजूने विचारा: "खायचे कधी आहेत?" त्यावरून काढणीची तारीख ठरवा आणि ती त्याला कळवा. पाहुणे रविवारी आणि पेटी शुक्रवारी कच्ची पोचली, तर तुमचं फळ कितीही चांगलं असो, त्या घरात ते वाईटच ठरतं.

पिकवण्याची पद्धत खरी सांगा. आढी घालत असाल तर आढी म्हणा. मोठा माल असेल आणि इथिलीन चेंबरमध्ये पिकवत असाल तर तेही उघड सांगा. इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची परवानगी आहे. बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाइडवर. बऱ्याच गिऱ्हाइकांच्या मनात दोन्ही एकच असतात. तो फरक समजावून सांगणारा विक्रेता चेंबरचा माल "आढीतला" म्हणून खपवणाऱ्यापेक्षा जास्त टिकतो.

---

नवखा_विक्रेता

एक प्रश्न. माझी स्वतःची बाग नाही. चार-पाच बागायतदारांकडून घेऊन ठाण्यात विकायचा विचार आहे. सगळे "थेट बागेतून" लिहितात. मी काय लिहावं? आणि थोडा माल देवगडचा, थोडा रत्नागिरीचा असेल तर?

---

सड्यावरची_बाग

बाग नसण्यात कमीपणा काहीच नाही. "आम्ही पावस आणि गणेशगुळे भागातल्या बागायतदारांकडून घेतो, वर्गवारी आणि पॅकिंग आम्ही ठाण्यात करतो" हे वाक्य "आमच्या बागेतून"पेक्षा भारी पडतं. त्यात तुमचं काम कुठलं ते दिसतं. निवड तुमची, वजन तुमचं, खराब फळाची भरपाई तुमची. गिऱ्हाईक त्याचेच पैसे देत असतं. शिवाय "आमची बाग" म्हटलं की मे महिन्यात कोणीतरी "बाग बघायला येऊ का?" असं विचारणारच.

मालाची सरमिसळ करू नका. प्रत्येक पेटीवर बागायतदाराचं गाव आणि काढणीची तारीख पेनाने लिहा. "२४/४ कुणकेश्वर", एवढं पुरतं. तक्रार आली की कुठला लॉट ते लगेच कळतं आणि त्याच लॉटची पेटी गेलेल्या बाकीच्यांना तुम्ही आपणहून कळवू शकता. देवगड म्हणून सांगितलेल्या पेटीत रत्नागिरीची दोन डझन फळं घातली तर फळ वाईट नसतं, पण सांगितलेलं खोटं ठरतं. फळ कमी पडलं तर फोन करून विचारा: "देवगडचं उद्या नाही, पावसचं चालेल का, की दोन दिवस थांबता?" बहुतेक जण पावसचं घेतात.

मानांकनाचं नीट समजून घ्या. हापूसला भौगोलिक मानांकन (जीआय) २०१८ मध्ये मिळालं. ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांसाठी आहे. पण जिल्ह्यात बाग असली म्हणून जीआयचं चिन्ह आपोआप वापरता येत नाही. चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीत अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. तुमचा बागायतदार नोंदलेला असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक त्याच्या मालाच्या पेटीवर लिहा. नसेल तर गावाचं नाव लिहा आणि चिन्ह सोडून द्या.

देवगडच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. तिथल्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर युनिक कोडचा स्टिकर लावायची पद्धत आणली. कोड व्हॉट्सॲपवर पाठवून गिऱ्हाइकाला फळ पडताळता येतं. असा माल घेत असाल तर पडताळणी कशी करायची ते पेटीतल्या कागदावर दोन ओळींत लिहा, कारण स्टिकर बघून काय करायचं हे पुष्कळांना माहीत नसतं.

कर्नाटकातला आंबाही विकणार असाल तर खुशाल विका, "कर्नाटक" लिहून. मालावी या आफ्रिकी देशातला हापूस नोव्हेंबर-डिसेंबरात वाशी मार्केटला येतो, तो "मालावी" म्हणूनच विकला जातो आणि त्याला गिऱ्हाईकही आहे. नाव लपवायची गरज भावाची बनवाबनवी करायची असली तरच पडते.

---

कलमवाला

कायद्याच्या बाजूने थोडं, कारण "व्हॉट्सॲपवर लिहिलंय, जाहिरात थोडीच आहे" असा समज सरसकट दिसतो. मालाबद्दल खोटं वर्णन करणारा मेसेज ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरातच ठरू शकते. माध्यम कुठलं याने फरक पडत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड करू शकतं. खोटं भौगोलिक मानांकन लावणं हा वेगळा गुन्हा आहे, त्यात किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे.

अन्न सुरक्षा नोंदणीबद्दल: शेतकरी स्वतःच्या बागेतला आंबा जसाच्या तसा विकतो तोवर तो त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. दुसऱ्याकडून घेऊन विकलात, किंवा आमरस, आंबापोळी, मुरांबा करून विकलात, की नोंदणी हवी. तो १४ अंकी क्रमांक बिलावरही छापावा लागतो, जानेवारी २०२२ पासून ते बंधनकारक आहे. नवखा_विक्रेता, तुम्हाला हे लागू होतं.

बाटलीबंद किंवा डबाबंद मालावर वजन, तयार केल्याची किंवा पॅकिंगची तारीख, सर्व करांसह किंमत, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हवाच. "घरगुती" लिहिल्याने यातलं काही माफ होत नाही.

स्वतःची वेबसाइट काढून विकणाऱ्यांनी ई-कॉमर्स नियम २०२० वाचावेत. तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निकाली काढायची. गिऱ्हाईक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाचे अभिप्राय लिहिण्याला त्याच नियमांत मनाई आहे. भाऊ, मेहुणी, ऑफिसातला मित्र यांच्याकडून पाच-पाच तारे लावून घेणं त्याच जातीतलं. कोणाला फुकट पेटी देऊन इन्स्टाग्रामवर कौतुक करून घेणार असाल तर "पेटी भेट मिळाली आहे" हे त्या पोस्टमध्ये स्पष्ट लिहायला सांगा.

---

बाजारपेठ

बाकी सगळं मान्य, पण साक्याचं आधीच सांगणं पटत नाही. नवीन माणूस "साका" शब्द ऐकूनच बिचकतो आणि शेजारच्या "गॅरंटी"वाल्याकडे जातो. तक्रार आली तर बदलून द्यावं, आधी घाबरवायचं कशाला?

---

आढीवाली

बाजारपेठ, काळजी समजते. पण साका बाहेरून ओळखताच येत नाही. फळ देखणं, वास छान, आणि कापल्यावर गराचा काही भाग पांढरट, स्पंजासारखा, आंबूस. गॅरंटी देणाऱ्याच्या पेटीतही तो निघतो, फक्त तिथे तो "फसवणूक" म्हणून निघतो.

सांगण्याची पद्धत मात्र बदलता येईल. "साका निघू शकतो" एवढंच सांगून थांबलात तर माणूस घाबरतो. पूर्ण सांगा: साका म्हणजे काय, तो कशाने होतो, तुम्ही काय काळजी घेता, निघाला तर काय मिळेल. काळजी म्हणजे फळ झाडावर जास्त तयार होऊ न देता चौदा आण्यांना काढणं, काढणी सकाळी किंवा संध्याकाळी करणं, काढलेलं फळ तापलेल्या कातळावर न ठेवता लगेच सावलीत नेणं, झेल्याने (काठीला जाळी लावलेलं आंबे काढायचं साधन) देठासकट काढणं. हे तुम्ही खरोखर करत असाल तर लिहा. चार ओळींत साक्याचं भय जातं आणि तुमची मेहनत दिसते.

आता मुदतीचं. "२४ तासांत तक्रार करावी, नंतर जबाबदारी नाही" असं पुष्कळ पेट्यांवर छापलेलं असतं. कच्चं फळ आठ दिवसांनी कापलं जाणार, मग २४ तासांत साका दिसणार कसा? ही अट गिऱ्हाइकाला पाळता येणारच नाही अशी आहे, आणि ते त्याला आठव्या दिवशी कळतं. दोन मुदती ठेवा. प्रवासात दबलेलं, फुटलेलं फळ: पेटी उघडताना फोटो, २४ तासांत. साका आणि देठकूज: पेटी पोचल्यापासून १२ दिवस, कापलेल्या दोन्ही फोडींचा फोटो. भरपाई फळागणिक ठेवा. ३,२०० च्या ४ डझनाच्या पेटीत एक फळ ६७ रुपयांना पडतं. हा आकडा आधीच लिहिला असला की घासाघीस होत नाही.

---

बाजारपेठ

दोन मुदतींचं पटलं. फळागणिक रक्कम लिहायचं डोक्यात आलं नव्हतं, ते करतो.

---

परदेशस्थ_पुणेकर

परदेशातून ऑर्डर देणाऱ्यांच्या बाजूने एक मुद्दा. पैसे न्यू जर्सीतून येतात आणि पेटी कोथरूडला आईवडिलांकडे जाते. म्हणजे गिऱ्हाइकं दोन. बहुतेक विक्रेते सगळे निरोप पैसे देणाऱ्याला पाठवतात, तेव्हा इथे अमेरिकेत रात्र असते, आणि दारात पेटीवाला उभा राहतो तेव्हा आईला काहीच माहीत नसतं. ऑर्डर घेतानाच विचारा: पोचवणाऱ्याने फोन कोणाला करायचा, पिकवण्याच्या सूचना कोणाला, खराब फळाचे पैसे कोणाला परत. वडीलधाऱ्यांना मेसेजपेक्षा फोन बरा, आणि त्यांना "फोटो पाठवा" म्हणताना थोडा धीर धरावा लागतो.

"अमेरिकेला पाठवता का?" या प्रश्नाला "बघतो" म्हणू नका. भारतातला आंबा तिथे २००७ पासून जातो, पण विकिरण (कीड मारण्यासाठी फळावर किरणांचा मारा) केल्याशिवाय प्रवेश नाही. ती सोय वाशी, लासलगाव अशा मान्यताप्राप्त केंद्रांत आहे. घरगुती विक्रेत्याने कुरिअरने पेटी पाठवली तर ती तिकडे पोचून नष्ट होणार. "आम्ही पाठवत नाही, तुमच्या गावातल्या भारतीय दुकानात निर्यातीचा हापूस येतो का ते विचारा" हे खरं उत्तर आहे.

---

वजनकाटा

उशीर झाल्याच्या मेसेजबद्दल कोणी लिहिलं नाही, तिथे गाडी सर्वांत जास्त घसरते. अवकाळी पाऊस आला की काढणी थांबते. ओलं फळ भरलं तर वाटेतच कुजायला लागतं, त्यामुळे थांबणं बरोबरच. पण विक्रेता गाडी न निघाल्याचं दुसऱ्या दिवशी दुपारी, तेही गिऱ्हाइकाने विचारल्यावर सांगतो. काढणी थांबली त्याच संध्याकाळी सांगा:

"आज दुपारी पाऊस झाल्याने काढणी थांबवली आहे. ओलं फळ पेटीत कुजतं, म्हणून पाठवत नाही. तुमची पेटी बुधवारऐवजी शुक्रवारी पोचेल. चालणार नसेल तर उद्या सकाळी १० पर्यंत कळवा, पूर्ण पैसे उद्याच परत करतो. काही न कळवल्यास शुक्रवार धरतो."

यात काय झालं, का, नवी तारीख, पर्याय, पर्यायाची वेळ आणि गप्प राहिल्यास काय होईल, हे सगळं आलं. दिलगिरीचे तीन परिच्छेद नकोत. नवी तारीख ठरवताना स्वतःसाठी एक दिवस हातचा ठेवा, कारण दुसऱ्यांदा तारीख बदलली की पहिला मेसेजही खोटा वाटायला लागतो.

आणि "स्टॉक संपत आला" हे स्टॉक खरंच संपत आला असेल तरच लिहा, आकड्यासकट: "या काढणीच्या ११ पेट्या उरल्या." तोच माणूस पुढच्या आठवड्यात तुमच्या स्टेटसवर "भरपूर माल" वाचणार असतो.

---

नवखा_विक्रेता

आभार सगळ्यांचे. व्हॉट्सॲप बिझनेसवर हे सगळं बसवायचं कसं? एकेकाला टाइप करत बसणं शक्य नाही.

---

कलमवाला

झटपट उत्तरांची सोय आहे ती वापरा. तिरकी रेघ आणि एक शब्द टाइप केला की पूर्ण मजकूर येतो. "/भाव", "/पिकवणं", "/भरपाई", "/उशीर" अशी चार-पाच बनवा. पण त्यातली तारीख आणि भाव दर सोमवारी बदला. जुन्या भावाचा तयार मजकूर चुकून गेला की तो भाव तुम्हाला पाळावा लागतो, आणि पाळावाच.

लेबलं लावा: पैसे आले, पाठवली, पोचली, पिकण्याची वाट, भरपाई बाकी. "पिकण्याची वाट" हे बहुतेक जण ठेवत नाहीत. पेटी पोचल्यावर सातव्या-आठव्या दिवशी या लेबलातल्या प्रत्येकाला एकच ओळ पाठवा: "फळं पिकायला लागली का? एखादं खराब निघालं तर फोटो पाठवा." तक्रार यायच्या आधी आपण विचारलेलं असलं की समोरच्याचा सूरच वेगळा असतो.

ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. म्हणून पेटीतल्या कागदावर "नंबर सेव्ह करा, पुढच्या काढणीची तारीख कळवू" ही ओळ हवी. न विचारता ग्रुपमध्ये कोणालाही घालू नका, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. हंगामात आठवड्याला एक मेसेज पुरे. जूननंतर एकच: हंगाम संपला, पुढच्या वर्षी कळवू का, हो किंवा नाही. "नाही" आलेला नंबर त्याच दिवशी काढा.

रात्री आपोआप जाणाऱ्या मेसेजात "लवकरच संपर्क करू" नको. "सकाळी ९ नंतर उत्तर देतो, पेटी फुटून आली असेल तर फोटो आत्ताच पाठवून ठेवा" असं लिहा.

---

सड्यावरची_बाग

तक्रारीच्या उत्तराचा नमुना राहिला होता, तो देतो. फोटो आला की पहिलं उत्तर असं:

"फोटो मिळाले. चार फळांत साका आहे, तो भरपाईत येतो. चार फळांचे २६८ रुपये आज संध्याकाळी ७ पर्यंत याच नंबरच्या यूपीआयवर पाठवतो. अजून किती फळं कापायची राहिली आहेत? त्यांत निघालं तर २० तारखेपर्यंत फोटो पाठवा."

"आमच्याकडे असं कधी होत नाही", "तुम्ही नीट ठेवलं नसेल", "बाकी कोणाची तक्रार नाही" ही तीन वाक्यं कधीच लिहू नका. तिसरं खरं असलं तरी नको, त्या माणसाच्या ताटातलं फळ त्याने बदलत नाही. फळ फ्रिजमध्ये ठेवल्याने बिघडलंय असं दिसत असेल तर आधी विचारा: "पेटी आल्यावर फळं कुठे ठेवली होती?" उत्तर आल्यावर मग कारण समजावा आणि भरपाई द्यायची की नाही ते स्पष्ट सांगा. नाही म्हणायचं असेल तर "नाही" हा शब्द वापरा. "बघू", "मालकांना विचारतो" म्हणून लोंबकळत ठेवलेला माणूस नकारापेक्षा जास्त चिडतो.

गूगलवर वाईट अभिप्राय आला तर तिथे उत्तर लहान ठेवा: काय झालं, तुम्ही काय केलं, कधी. गिऱ्हाइकाचा पत्ता, बिल, खासगी गप्पांचे स्क्रीनशॉट तिथे टाकू नका, तुमची बाजू कितीही खरी असली तरी. आणि एका लॉटच्या तीन-चार पेट्यांत साका निघाला तर त्या लॉटच्या उरलेल्या सगळ्यांना आपणहून लिहा: "२४ तारखेच्या काढणीत काही पेट्यांत साका निघाला आहे. तुमची पेटी त्यातलीच आहे. फळं कापताना बघा, निघालं तर फोटो पाठवा." यासाठीच पेटीवर पेनाने तारीख आणि गाव लिहायचं.

---

नवखा_विक्रेता

तारीख आणि गाव पेटीच्या झाकणावर लिहू की बाजूला? झाकण तर फेकून देतात.

---

आढीवाली

बाजूला लिहा, आणि तेच पेटीतल्या कागदावरही, वरच्या कोपऱ्यात. पेटी गॅलरीत जाते, कागद फ्रिजच्या दारावर राहतो.